कुंभारणीचं घर

"मिस्त्री, हात थांबवा! तुमच्या लेकराबाळांची शपथ आहे, थांबवा हात!"

सिंधू तशीच ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रसूल मिस्त्री लाकडी घोडीवर बसून विटांमधल्या दरजा कोरत होते. त्यांची सळई हवेतच राहिली. मी खाली बसून घमेल्यात काव कालवत होते, माझे हात कोपरापर्यंत लाल.

"विंचू निघाला का काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"विंचू नाही. हे बघा आधी."

ती बाजूला सरली. खिडकीच्या दगडाखाली दोन विटांमधला चुना झडून गेला होता, आणि त्या खाचेत मातीची इवली इवली गाडगी एकाला एक चिकटून बसली होती. बोराएवढी. वरनं बोटानं सारवल्यासारखी गुळगुळीत.

मिस्त्री घोडीवरनं उतरले. डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं आणि सळई जमिनीवर ठेवून दिली.

"कुंभारणीचं घर व्हय! हे मी न्हाई मोडायचो. आमच्यातबी मोडत न्हाईत."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. नदीकाठचा चिखल तोंडात धरून आणते, भिंतीला गाडगं घडवते, आत अंडं ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. आमच्याकडच्या बायका मानतात, तिनं ज्या घराला आपलं घर लावलं, त्या घरात वर्षाच्या आत पाळणा टांगला जातो. आणि जी बाई ते मोडते, तिची कूस पुन्हा कधी भरत नाही.

हे सगळं घडलं कऱ्हाडात, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. आमची दोन घरं होती, एकामागं एक. मागचं आम्ही राहायचो ते, पुढचं भाड्याचं; त्यात एस.टी.तले कंडक्टर उबाळे आणि त्यांची बायको सिंधू राहायचे. मामंजींची विटांची भट्टी होती. भट्टीच्या पोटातल्या, चांगल्या खरपूस भाजलेल्या विटा निवडून त्यांनी पुढचं घर बांधलं, आणि असल्या विटेला गिलावा करणं म्हणजे देखण्या बाईला घुंगट घालणं, असं म्हणून ते तसंच उघडं ठेवलं. ते गेले आणि घर उतरलं. विटांना लोणा लागला, पायथ्याला शेवाळ चढलं, दरजांमधनं पिंपळाची रोपं डोकवायला लागली. भाडेकरूंना आत गळत नाही ना, एवढंच पुरे होतं. त्या वर्षी मात्र दसरा झाला आणि सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, रसूल मिस्त्रींना बोलावणं धाडलं. जुन्या दरजा कोरायच्या, नव्या भरायच्या, विटांना काव द्यायची आणि वर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या.

"एवढ्या वर्षांनी भिंतीची आठवण बरी झाली, आक्का?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"दिवाळीला माझा भाऊ येतोय आटपाडीहून. रस्त्यावरनं येणाऱ्याला पहिलं हेच घर दिसतंय."

भाऊ एकटा येणार नव्हता. शालनला घेऊन येणार होता. शालन त्यांची भाची, विशीतली. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि माझी ओटी रिकामी होती. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर असायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "आई म्हणेल तसं." आक्का काय म्हणतात ते गल्लीला ठाऊक होतं. दिवाळी झाली की मी माहेरी जायचं आणि यायचं नाही. तर ती काव मी त्यासाठी कालवत होते. काव दाट पाहिजे, सरस नीट विरघळला पाहिजे, गुठळी राहता कामा नये. तेवढंच मी बघत होते.

गलका ऐकून आक्का मागच्या घरातनं आल्या.

"काम का थांबलं?"

"आक्का, कुंभारणीचं घर आहे," सिंधू म्हणाली. "माझ्या खिडकीला."

आक्का वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या नजरेनं त्यांनी मला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"द्वारके, हात धू. हळदीकुंकू आण."

"हळदीकुंकू मी लावलंय की सकाळी," सिंधू म्हणाली.

"तू लावलंस, बरं केलंस. आता घरची सून लावंल."

सिंधूचा चेहरा बदलला. "म्हणजे हो काय, आक्का?"

"म्हणजे काय म्हणजे? भिंत कुणाची? आमची. मग कुंभारीण कुणाची?"

"भिंत तुमची असंल. घरात राहतोय आम्ही. भाडं देतोय. चूल माझी पेटती."

"भाडं राहायचं देता. दैवाचं न्हाई देत."

"तिला काय ठावं मालक कोण आणि भाडेकरू कोण! तिनं माझी खिडकी बघितली, आली."

"तिनं विटा बघितल्या! आमच्या ह्यांनी भाजलेल्या. गावात दुसरीकडं कुठं बसली का? सांग की!"

मिस्त्री बिडी काढून बाजूला जाऊ लागले. आक्कांनी त्यांना अडवलं.

"रसूलभाई, तुम्ही सांगा. चार गावची घरं बांधलीत. हे कुणाचं?"

"माझ्याकडं ओळंबा हाय, आक्का. त्यात भिंत कुठं झुकली ते दिसतं. देव कुठं झुकला ते दिसत न्हाई." त्यांनी बिडी शिलगावली. "एवढं सांगतो, दोघी अशा वरडत ऱ्हायला तर ती बिचारी मातीचं गाठोडं उचलून तिसऱ्याच्या घरी जाईल."

सिंधूला हसू फुटलं. आक्कांना नाही. पण भांडण तिथं थांबलं.

काम पुढं सुरू झालं. मिस्त्रींनी तेवढी जागा सोडली. तारेच्या ब्रशानं शेवाळ घासून काढलं, पिंपळाची मुळं उपटली, भिंतीला पोटभर पाणी पाजलं आणि एकेक दरज बोटानं दाबावी तशी भरत गेले. उजवीकडनं भिंत उजळत यायला लागली. खिडकीखाली मात्र सुपाएवढा काळपट तुकडा तसाच. नव्या लुगड्याला जुनं ठिगळ लावावं तसा.

आक्कांनी आटपाडीला निरोप धाडला. यंदा दिवाळीला येऊ नका, घरात काम निघालंय. एवढंच. त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात त्यांच्या हातानं तूप वाढलं.

रोज सकाळी मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पुढं जायची आणि सिंधू तिच्या दारातनं तिची कोयरी घेऊन यायची. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आधी लावा. तुम्ही मालकीणबाई."

"तू लाव. चूल तुझी पेटती."

मग दोघींनाही हसू आवरेना. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. एका आवारात इतके दिवस राहून जे बोललो नव्हतो ते त्या भिंतीपाशी बोललो. ती निवडायला काहीतरी घेऊन यायची, मी काव ढवळायला बसायची. ती एक ओवी गुणगुणायची. तिच्या आजीकडची की तिची स्वतःची, मी कधी विचारलं नाही:

कुंभारीण बाई
मातीची तिला घाई
गाडग्याला तोंड नाही
निजे कोण

एका सकाळी गुणगुणता गुणगुणता ती गप्प झाली. मिस्त्री पलीकडच्या कोपऱ्यात होते. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"वहिनी, कुणाला सांगू नका. मला दिवस गेलेत."

मी काव ढवळत राहिले.

"आमच्या ह्यांना सोडून कुणाला ठाऊक नाही. तिसरा सरेपर्यंत सांगायचं नाही म्हणतात. आणि मी तर..." तिनं पदर तोंडाला लावला. "आधीची तीन गेली. यांची एस.टी.ची नोकरी, आज हा डेपो, उद्या तो. एकदा सांगोल्याहून हलताना. एकदा वाईहून. एकदा इकडं येतानाच, ट्रंक उचलली आणि गाडीतच... प्रत्येक बदलीला एक ठेवून आले मी, वहिनी. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, या खेपेला जागचं हलायचं नाही. घागरसुद्धा उचलायची नाही. म्हणून ही कुंभारीण आली तेव्हा मला वाटलं, आता इथंच राहायचं. तिनं सांगितलं राहा म्हणून."

"किती दिवस झाले घर बांधून तिला?"

"गौरी बसल्या तेव्हा माती आणत होती."

"मग ती तुझीच आहे," मी म्हणाले.

तिनं पदर खाली केला. "आणि तुमचं?"

"काव गार पडली की घट्ट होते," मी म्हणाले आणि उठले.

आक्का इकडं त्यांच्या परीनं विचार करत होत्या. भांडी घासताना, फुलं वेचताना, देवापुढं बसल्यावर. त्या भोळ्या नव्हत्या, आणि दुष्टही नव्हत्या. त्यांना नातवंड पाहिजे होतं आणि त्यासाठी मला घालवावं लागलं नाही तर बरं, इतकं त्यांच्याही मनात होतं. मला वाटतं तूप त्यापोटीच होतं. एक दिवस मी माजघरात शेंगा फोडत होते, तेव्हा त्या समोर येऊन बसल्या.

"मी बघितलं सगळं नीट," त्या म्हणाल्या. "ती कंडक्टरची बायको म्हणती त्यात एक खरं आहे. कुंभारीण भिंतीला बसली तरी तिचं देणं घरात निजणाऱ्याला मिळतं. भिंत कुठं गर्भार राहती!"

"मग?"

"मग तिथं तुम्ही दोघं निजायचं. तू आणि दिनकर. दिवाळीच्या आत घर रिकामं करून घेते. उबाळेला स्टँडवर निरोप दिलाय आजच."

शेंगेचं टरफल माझ्या अंगठ्यात घुसलं.

"आक्का, दिवाळीच्या तोंडावर कुठं जातील ती?"

"एस.टी.वाल्यांना काय, आज इथं उद्या तिथं. ट्रंक उचलायची की चालू लागायचं." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "द्वारके, माझा भाऊ दिवाळीला न्हाई आला तरी पुढं येणारच हाय. मी तुझ्यासाठी करते हे. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

मला खरंच कळत होतं. उबाळ्यांचं सामान बैलगाडीत चढतंय, सिंधू ट्रंकेचा एक कान धरून उभी आहे, आणि मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्या रिकाम्या घरात शिरतेय, हे मला तिथं शेंगा फोडता फोडता दिसलं. आक्कांना सिंधूचं गुपित सांगावं असंही मनात आलं. पण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आमचं देणं तिनं पळवलं. मग तर एक दिवस ठेवली नसती. गुपितही माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयरी घेतली नाही.

आक्का पुढच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मिस्त्री घमेलं धूत होते. सगळी भिंत झाली होती, रेघासुद्धा ओढून झाल्या होत्या, त्या एका तुकड्यासाठी ते आक्कांना विचारायला थांबले होते. सिंधू खिडकीत होती, आत दूध तापवत. मी मिस्त्रींची सळई उचलली. वाकले. वाकल्यावर दिसलं की प्रत्येक गाडग्याला खालच्या बाजूनं एक बारीक गोल भोक पडलंय. आतनं पोखरून कोणीतरी केव्हाच उडून गेलं होतं.

मी सळई घातली. माती वाळून पापडासारखी झालेली, जोर लागलाच नाही. गाडगी सुटून खाली पडली आणि भुगा झाला.

मिस्त्रींच्या हातातलं घमेलं वाजलं. ते दोन पावलांत माझ्याजवळ आले, भुग्याकडं बघितलं, एक फुटकं गाडगं बोटानं उलटं केलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "रिकामं हाय की हे."

"असू द्या. बोलू नका."

तोवर आक्का आल्या होत्या. तांब्या त्यांच्या हातातच होता.

"कुणी केलं?"

"मी."

"चुकून लागलं?"

"नाही. मोडलं."

"का गं?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "का गं बाई? तुझ्यासाठी..."

"भिंत पुरी व्हायला पाहिजे ना दिवाळीपर्यंत."

आक्का खाली बसल्या, तशाच ओल्या जमिनीवर. खिडकीतनं सिंधू बघत होती. तिचा हात पोटावर गेला होता आणि चेहरा चुन्यासारखा झाला होता. दूध उतू जात होतं, वास येत होता. मी खिडकीशी सरून हलक्या आवाजात म्हणाले, "सिंधू, ते रिकामं होतं गं. पिल्लं उडून गेली होती. भोकं होती बघ." तिनं खिडकी लावून घेतली. मी बंद फळीपाशी जाऊन पुन्हा तेच म्हणाले. आतनं कडी घातल्याचा आवाज आला.

"रसूलभाई," आक्का बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "भरा ती जागा."

मिस्त्रींनी भरली. पाणी मारलं, दरजा दाबल्या, काव दिली. दुपारी काव वाळल्यावर बारीक ब्रशानं पांढऱ्या रेघा ओढल्या. संध्याकाळच्या उन्हात भिंत अशी दिसत होती की जाणारे-येणारे थांबून बघत होते. ती जागा कुठली, हे मलाही दाखवता आलं नसतं.

उबाळ्यांना दुसरा निरोप गेला की राहा. आता त्या घरात निजून कुणाला काय मिळणार होतं! आणि आटपाडीलाही निरोप गेला की या. मी लुगडी बांधली. हे मला स्टँडपर्यंत सोडायला आले. पिशवी त्यांनी घेतली होती. "आईचा स्वभाव तुला माहीतच आहे," एवढं म्हणाले, मग गाडी आली. सिंधूचं दार त्या दिवशीही बंद होतं.

माझं माहेर पाटणच्या बाजूला. तिथं जे व्हायचं ते झालं. बायका हळदीकुंकवाला बोलावत नसत. कुंभारणीचं घर मोडलेली म्हणून गोष्ट माझ्याआधी पोचली होती. डोहाळजेवण असो, बारसं असो, मला आधीच कळायचं कुठल्या दिवशी कुठल्या घराकडं फिरकायचं नाही. भावानं अंगणात एक खोली काढून दिली. मी वाकळा शिवायला लागले. हात चालत राहायचा, डोकं रिकामं राहायचं. दिवाळी गेली, शिमगा गेला, आंबे उतरले.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी वाकळांना कापड आणायला कऱ्हाडला निघाले होते. गाडीला गर्दी होती. मी मागं खिडकीशी बसले. कंडक्टर पुढनं तिकिटं फाडत येत होता. जवळ आला तेव्हा मी पाहिलं, उबाळे. मी पदर पुढं ओढून बाहेर बघायला लागले.

"तिकीट," ते म्हणाले. मग थांबले. "तुम्हीच का?"

"कऱ्हाड द्या."

त्यांनी तिकीट फाडलं नाही. गाडी हलत होती, ते दांड्याला धरून उभे राहिले.

"गेले तीन आठवडे मी हा रूट मागून घेतलाय," ते म्हणाले. "म्हटलं, कधीतरी चढालच."

मी तिकिटाचे पैसे पुढं केले.

"मुलगी झाली. दोघी नीट आहेत."

बाहेर ओढ्यावरचा पूल गेला. पुढनं कोणीतरी ओरडलं, "ओ कंडक्टर, बेल मारा की! मल्हारपेठ आलं." त्यांनी दोरी ओढली. माणसं उतरली, चढली. त्यांनी पुन्हा दोनदा दोरी ओढली आणि माझ्याकडं वळले.

"आक्कांचा निरोप मला स्टँडवर मिळाला होता, घर खाली करा म्हणून. सिंधूला मी सांगितलाच नव्हता. म्हटलं हाय खाईल. दुसऱ्याच दिवशी निरोप फिरला, मग कशाला सांगायचं? ती पोटुशी होती तेवढा सगळा वेळ तुम्हाला बोल लावत होती. रात्रंदिवस पोट धरून बसायची. पोरगी झाली, रडली, तेव्हा म्हणाली, त्या बाईचा हात लागूनसुद्धा वाचली. तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, आधी कुठला निरोप आला आणि मग कुठला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. मग म्हणाली, रूट बदलून घ्या."

समोरच्या बाकावरची म्हातारी मान वळवून ऐकायला लागली होती. उबाळ्यांनी घसा खाकरला.

"रविवारी बारसं आहे. आमच्यात नाव आत्यानं ठेवायचं असतं. मला बहीण नाही. सिंधू म्हणते, आत्या आल्याशिवाय पोरीच्या कानात कुणी तोंड घालायचं नाही."

"उबाळे," मी म्हणाले, "मला पाळण्यापाशी कोणी उभं करत नाही. आणि आक्का समोर असतील."

"आक्कांना तिनं आधीच सांगितलंय, आत्या कोण ते."

"मग?"

"पुष्कळ वेळ उंबऱ्यात बसून राहिल्या. आम्हाला वाटलं आता घर सोडायला लागतंय. मग उठून गेल्या आणि माळ्यावरनं पाळणा काढून घेऊन आल्या. तुमच्या घरातला. स्वतः पुसला, दोरी बदलली. म्हणाल्या, ह्यात दिनकर निजला होता, मजबूत आहे." ते थांबले. "तुमच्याबद्दल बऱ्यावाईटाचं एक अक्षर बोलल्या नाहीत."

त्यांनी तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.

"नाव ठरवून या, ताई. ती म्हणते, नाव कुणाला विचारून ठेवायचं नाही. तुम्ही सांगाल ते."

एवढं म्हणून ते पुढच्या बाकाकडं गेले. म्हातारी मला विचारत होती, "कुणाची गं पोर? तुझ्या भावाची का?"

"व्हय," मी म्हणाले. "भावाची."

कऱ्हाड येईपर्यंत मी नावं आठवत होते. माझ्या आईचं, आजीचं, नद्यांची, फुलांची. एकही पसंत पडेना.